म्यान : साक्षीदार आणि वैरी

सन १९३७. अमेरिकेतील मिशिगन राज्यात वलून सरोवराकाठी एक माणूस होडीचा जुना रंग चाकूने खरवडत होता. एवढ्या दांडगाईनंतरही पात्याची धार शाबूत! फ्लोरिडाहून आलेल्या बो रँडल यांनी तो चाकू विकतच घेतला. त्याचा कर्ता होता मिशिगनचाच कारागीर विल्यम स्केगल. पुढे मोटारीच्या स्प्रिंगचे पोलाद ठोकून रँडल स्वतःच चाकू घडवू लागले. ऑर्लँडो येथील त्यांच्या कारखान्याचे शिकारी आणि पाणबुड्यांचे जुने चाकू आज संग्राहक मोठ्या हौसेने जमवतात.

या चाकूंचे वय ठरवताना पात्यावरचा ठसा बहुधा अपुरा पडतो. तिथे साक्ष देते चामड्याचे म्यान. डेन्व्हरच्या हायझर पेढीचा शिक्का असेल तर चाकू जुना. १९६०च्या दशकाच्या आरंभी ते काम जॉन्सन यांच्याकडे आले. (अदलाबदल झालेले म्यान खोटी साक्षही देते, हे वेगळे.)

परंतु हा साक्षीदारच चाकूचा वैरी. कमावलेल्या चामड्यातील आम्ल आणि ओलावा यांमुळे म्यानात वर्षानुवर्षे पडून राहिलेले पोलाद गंजते, मुठीजवळच्या पितळेवर हिरवा कळंक चढतो. मग नवखा संग्राहक पाते घासून लखलखीत करतो आणि गंजाबरोबर कारखान्याचा ठसाही पुसट करून बसतो!

जाणकार पात्याला तेलाचा हात देऊन ते बाहेर ठेवतात, म्यान शेजारी, आणि दोहोंची जोडी चिठ्ठीवर नोंदवतात. ती चिठ्ठी हरवली, तर पुढच्या मालकाला कोणते म्यान कोणत्या पात्याचे हे सांगणारे कोणी उरत नाही.