ड्रायव्हरशिवाय चालणाऱ्या गाडीची परीक्षा कॉम्प्युटरवर कशी घेतात?

नोव्हेंबर २०२० मध्ये जपान सरकारने होंडाच्या ‘लेजेंड’ या गाडीला ‘लेव्हल ३’ची मंजुरी दिली. अशी मंजुरी मिळालेली ही जगातली पहिली गाडी. एक्स्प्रेस वेवर ट्रॅफिक तुंबलं आणि वेग ताशी ३० किमीच्या खाली आला, की ही गाडी स्टिअरिंग, ब्रेक, ॲक्सिलरेटर सगळं स्वतःकडे घेते. तेवढ्या वेळापुरती ड्रायव्हरला रस्त्यावरून नजर हटवण्याची कायदेशीर मुभा असते. वेग ५० च्या वर गेला की गाडी पुन्हा माणसाच्या ताब्यात.

ही यंत्रणा तयार करताना एक्स्प्रेस वेवर सुमारे १३ लाख किमी गाडी चालवली, असं होंडाने सांगितलं. म्हणजे पृथ्वीला ३२ प्रदक्षिणा. याशिवाय कॉम्प्युटरवर सुमारे १ कोटी प्रसंग उभे करून पाहिले. ३२ प्रदक्षिणा झाल्यावर हे १ कोटी प्रसंग कशाला हवे होते?

रस्त्यावर चालवून का भागत नाही?

याचं गणित अमेरिकेतल्या रँड कॉर्पोरेशनने २०१६ मध्ये मांडलं होतं. अमेरिकेत साधारण १६ कोटी किमी प्रवासामागे एक अपघाती मृत्यू होतो. माणूस ड्रायव्हर आपल्याला वाटतो तितका वाईट नाही. आता ‘आमची गाडी निदान माणसाइतकी सुरक्षित आहे’ हे ९५ टक्के खात्रीने सिद्ध करायचं, तर ती एकही मृत्यू न होता सुमारे ४४ कोटी किमी चालली पाहिजे. १०० गाड्या रात्रंदिवस ताशी ४० किमीने पळवल्या तरी साडेबारा वर्षं लागतात. आणि मध्येच सॉफ्टवेअर बदललं की आधीचा हिशेब जुन्या गाडीचा होतो.

शिवाय हायवेवरचे बहुतेक किलोमीटर कंटाळवाणे असतात. परीक्षा हवी ती त्या दोन सेकंदांची, जेव्हा ट्रकच्या आडून कुणीतरी अचानक समोर येतं. त्यासाठी खरा माणूस गाडीसमोर उभा करता येत नाही.

सिम्युलेशनमध्ये नेमकं काय होतं?

गाडीत जे सॉफ्टवेअर बसणार आहे तेच कॉम्प्युटरवर चालवतात. त्याला कॅमेरा, रडार, लिडार यांच्याकडून येते तशी माहिती पुरवतात, पण ती बनावट रस्त्याची असते. कधी पूर्ण चित्र बनवतात: पाऊस, समोरून येणारे हेडलाइट, ओल्या डांबरावरची चमक. कधी त्या भानगडीत न पडता ‘४० मीटरवर गाडी, वेग इतका’ अशी थेट यादी देतात. दुसरा मार्ग स्वस्त आहे. पण त्यात गाडीच्या मेंदूची परीक्षा होते, डोळ्यांची नाही. काही वेळा गाडीतला खरा कॉम्प्युटर टेबलावर ठेवतात आणि त्याला आपण रस्त्यावर आहोत असं भासवतात.

खरी ताकद एका प्रसंगाची हजार रूपं करण्यात आहे. शेजारच्या लेनमधली गाडी आपल्यासमोर घुसते, हा एक प्रसंग. तिचा वेग, आपला वेग, मधलं अंतर, ती किती झपकन वळते, हे आकडे थोडे थोडे बदलत गेलं की हजारो चाचण्या तयार होतात. खऱ्या अपघातांच्या नोंदींवरूनही प्रसंग बनवतात. वेमो कंपनीने ॲरिझोनातल्या चँडलर भागात २००८ ते २०१७ दरम्यान झालेले ७२ जीवघेणे अपघात असेच पुन्हा उभे केले आणि प्रत्येकात आपली यंत्रणा बसवून पाहिली. मात्र ही परीक्षा कंपनीने स्वतःच घेतलेली होती, हे लक्षात ठेवायला हवं.

पास कधी म्हणायचं? लेव्हल ३ च्या लेन सांभाळणाऱ्या यंत्रणांसाठी संयुक्त राष्ट्रांचा नियम क्रमांक १५७ आहे, जून २०२० मध्ये संमत झालेला. त्याने तुलनेसाठी एक काल्पनिक सावध ड्रायव्हर आखून दिला आहे. त्याला धोका ओळखायला ०.४ सेकंद लागतात, ब्रेक लागायला आणखी ०.७५ सेकंद, आणि मग तो जोरदार ब्रेक मारतो. घुसणाऱ्या गाडीच्या ज्या प्रसंगात या ड्रायव्हरने टक्कर टाळली असती, तिथे यंत्रणेनेही ती टाळलीच पाहिजे.

सरकार यावर विश्वास का ठेवतं?

आंधळेपणाने ठेवत नाही. युरोपियन युनियनने ऑगस्ट २०२२ मध्ये पूर्ण स्वयंचलित गाड्यांच्या मंजुरीचे नियम आणले (क्रमांक २०२२/१४२६). त्यात कॉम्प्युटर चाचणी मान्य आहे, पण आधी सिम्युलेटरलाच परीक्षेला बसावं लागतं. त्याने कुठली गृहीतकं धरली, कुठल्या मर्यादेबाहेर तो चालत नाही, कुणी चालवला, हे सगळं कागदावर द्यायचं. मग तोच प्रसंग खऱ्या ट्रॅकवर करून दोन्हीकडचे आकडे ताडून पाहायचे. ब्रेक लागल्यावर कॉम्प्युटरमधली गाडी जिथे थांबली, त्याच्या जवळपास खरी गाडी थांबली नाही, तर बाकीच्या लाखभर निकालांनाही अर्थ उरत नाही.

ही काळजी उगाच नाही. २०१५ मध्ये उघड झालेल्या फोक्सवॅगनच्या डिझेल प्रकरणात गाडीचं सॉफ्टवेअर ‘आपली चाचणी चालू आहे’ हे ओळखून तेवढ्यापुरता धूर कमी करायचं. इथे गाडी, प्रश्नपत्रिका आणि परीक्षेचा हॉल, तिन्ही बऱ्याचदा कंपनीचेच असतात.

आणि फसवण्याचा हेतू नसला तरी एक अडचण उरते. कुणाला सुचलाच नाही तो प्रसंग सिम्युलेटरमध्ये येत नाही. मार्च २०१८ मध्ये ॲरिझोनातल्या टेंपी इथे उबरच्या चाचणी गाडीने सायकल हातात धरून रस्ता ओलांडणाऱ्या महिलेला धडक दिली. तिचा मृत्यू झाला. यंत्रणेला ती ५.६ सेकंद आधीच दिसली होती. पण क्रॉसिंग नसलेल्या जागीही पायी माणूस असू शकतो, हे सॉफ्टवेअरच्या रचनेतच नव्हतं. त्यामुळे ती कधी ‘गाडी’ ठरली, कधी ‘सायकल’, आणि दरवेळी तिच्या वाटचालीचा अंदाज नव्याने सुरू झाला. ऑक्टोबर २०२३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत दुसऱ्याच गाडीने उडवलेली महिला क्रूझच्या टॅक्सीसमोर येऊन पडली. टॅक्सी थांबली, पण नंतर कडेला जाण्यासाठी तिला सुमारे २० फूट फरपटत घेऊन गेली. म्हणूनच संयुक्त राष्ट्रांच्या चौकटीत कॉम्प्युटरबरोबर ट्रॅक, खरा रस्ता, कंपनीच्या कामकाजाचं ऑडिट आणि विक्रीनंतरची देखरेख हेही आहे.

भारतात काय?

डिसेंबर २०२३ मध्ये नागपूरच्या एका कार्यक्रमात केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी ड्रायव्हरांच्या नोकऱ्यांचं कारण देत अशा गाड्या भारतात येऊ देणार नाही, असं स्पष्ट सांगितलं. तरी आपोआप ब्रेक लावणाऱ्या, लेन सांभाळायला मदत करणाऱ्या गाड्या आपल्याकडे विकल्या जात आहेतच. त्यांना आपल्या रस्त्यावर काय काय दिसेल, याची यादी परदेशात बसून करता येत नाही. आयआयआयटी हैदराबाद आणि इंटेल यांनी हैदराबाद, बंगळुरू परिसरातल्या १८२ फेऱ्यांमधून १० हजार चित्रांचा संच तयार केला, तेव्हा त्यात रिक्षा आणि जनावरं यांच्यासाठी स्वतंत्र रकाने ठेवावे लागले.