तळटीप : सपाट नाकाच्या ओतीव गोळ्या
१. ‘सपाट नाकाच्या गोळ्या’ : लेखकाची रायफल विंचेस्टर कंपनीची, जॉन ब्राउनिंग यांनी रचलेल्या १८९४च्या नमुन्याची. हिची काडतुसे नळीखालच्या दुसऱ्या नळीत एकामागे एक राहतात, आणि मागच्या गोळीचे नाक पुढच्या काडतुसाच्या टोपीला टेकते. गोळी टोकदार असली तर बाराच्या धक्क्याने ती टोपी शिकाऱ्याच्या हाताखालीच फुटू शकते. त्यामुळे सपाट नाक हा आवडीनिवडीचा प्रश्न नाही. खरी पारख लागते ती जाडीची. .३०-३० रायफलच्या नळीचा आट्यांच्या तळापर्यंतचा व्यास ०.३०८ इंच धरतात. शिशाची गोळी त्याहून एक-दोन सहस्रांश इंच जाड हवी. बारीक गोळीच्या कडेने तप्त वायू निसटतो, शिसे नळीत चिकटते आणि नेम बिघडतो. जुनी नळी झिजलेली असते, म्हणून छापील आकड्यावर न विसंबता ती स्वतः मोजावी. शिसे कठीण करायला कथील व अँटिमनी मिसळतात; वेग वाढवायचा असेल तर गोळीच्या बुडाशी तांब्याची वाटीही बसवतात. लायमन कंपनीच्या ३११०४१ क्रमांकाच्या साच्यातून अशी सुमारे १७० ग्रेनची गोळी निघते. — संपादक