उपऱ्या अक्षराची कुळकथा

वाटेगाव आज सांगली जिल्ह्याच्या वाळवा तालुक्यात आहे; १९२० साली ते सातारा जिल्ह्यात होतं. त्या वर्षी १ ऑगस्टला तिथं तुकाराम भाऊराव साठे जन्मले. महाराष्ट्र त्यांना अण्णाभाऊ म्हणून ओळखतो. शाळा त्यांना लाभली ती जेमतेम दीड दिवस. पुढे घरची माणसं पोटासाठी पायी मुंबईला निघाली, त्यांच्यासोबत तेही गेले. तिथं दुकानांच्या पाट्या आणि सिनेमाची पोस्टरं बघत बघत त्यांना अक्षर लागलं.

पोस्टरवर नटाचा चेहरा असतो आणि नावही असतं. चेहरा कुणी शिकवावा लागत नाही. तान्हं मूल जन्मल्यावर काही तासांतच चेहऱ्यासारख्या आकाराकडे वळतं. अक्षर मात्र गिरवून, चुकून, पुन्हा बघून कमवावं लागतं. माणसाला चेहरे ओळखता येतात ते अनादी काळापासून. लिपीला उणीपुरी पाच हजार वर्षं झाली, आणि त्यातही परवा-परवापर्यंत बहुतेक माणसं निरक्षरच होती. एवढ्या अवधीत वाचनासाठी मेंदूत नवा अवयव घडणं शक्य नव्हतं. मग वाचनाला जागा मिळाली कुठे?

उत्तर आपल्याच जुन्या दप्तरातल्या शब्दांत सांगता येतं. मराठेशाहीत वंशपरंपरेनं जमिनीचा हक्क असलेला तो मिरासदार, आणि बाहेरून येऊन जमीन कसायला घेणारा तो उपरी. मेंदूत चेहरा मिरासदार आहे, अक्षर उपरी.

या उपऱ्याचा पत्ता आधी लागला तो एका दुखण्यातून. पॅरिसचे डॉक्टर देजेरीन यांनी १८९२ साली एका रुग्णाची हकिकत मांडली. त्याचं बोलणं शाबूत होतं, लिहिताही येत होतं. पण स्वतःच लिहिलेली ओळ त्याला वाचता येईना. इजा मेंदूच्या डाव्या बाजूला, मागच्या भागात होती. १९४७ साली जर्मनीत बोडामर यांनी याच्या उलट दुखण्याला नाव दिलं: डोक्याला मार लागलेल्या माणसांना ओळखीचे चेहरेच ओळखू येईनात. अशी इजा बहुधा उजव्या बाजूची असते. १९९७ साली नॅन्सी कॅनविशर यांनी मेंदूची चित्रं काढून चेहऱ्यांना दाद देणारा भाग नेमका दाखवला. तो उजवीकडे अधिक ठळक असतो. २००० च्या सुमाराला कोएन आणि देहान यांनी डावीकडची शब्दांची जागा निश्चित केली. बहुतेकांची भाषा डाव्या बाजूला असते, म्हणून अक्षरानंही भाषेच्या शेजारचीच जमीन धरली.

पण उपरी आल्यावर मिरासदाराचं काय झालं? २०१० साली देहान आणि सहकाऱ्यांनी ब्राझील व पोर्तुगालमधल्या साक्षर, निरक्षर आणि मोठेपणी साक्षर झालेल्या माणसांची तपासणी प्रसिद्ध केली. वाचन येणाऱ्यांत डावीकडची जागा शब्दांना जोरदार दाद देत होती, आणि त्याच जागी चेहऱ्यांना मिळणारी दाद किंचित उतरली होती. मोठेपणी शिकलेल्यांच्या मेंदूतही वाचनाचा हा ठसा उमटला होता.

२०१९ साली एक वेगळा निष्कर्ष आपल्या लिपीतूनच आला. उत्तर प्रदेशातल्या खेड्यांतल्या, देवनागरी वाचणाऱ्या आणि न वाचणाऱ्या माणसांच्या अभ्यासात अक्षरांनी जागा मिळवलेली दिसली, पण चेहऱ्यांची दाद कमी झालेली दिसली नाही. उपरी आला, पण मिरासदार बेदखल झाला नाही. दोघं एकाच शिवारात नांदतात. मला हे दोन्ही निष्कर्ष फार मोलाचे वाटतात, कारण 'आता या वयात कसलं शिकणं' हे वाक्य आपल्याकडे अजून ऐकू येतं.

ते वाक्य सातारा जिल्ह्यानं फार पूर्वी खोडलं आहे. १९५९ साली तिथं ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली. प्रौढ माणसं दिवसभर राबून वर्गात बसली. गाव साक्षर झालं की ग्रामगौरव समारंभ व्हायचा. एकट्यादुकट्याचं नव्हे, अख्ख्या गावाचं कौतुक. पुढे ही मोहीम राज्यात इतरत्र पसरली. मेंदूची चित्रं काढणारी यंत्रं तेव्हा नव्हती. पन्नाशीतल्या बोटांनी पाटीवर स्वतःचं नाव काढलं, हाच पुरावा होता.

आणि १९५९ हेच 'फकिरा' कादंबरीचंही साल. दीड दिवसाच्या शाळेनंतर पाट्यांवरून अक्षर गोळा केलेल्या माणसानं ती लिहिली. वारणाकाठची माणसं अण्णाभाऊंनी लहानपणी डोळाभर पाहिली होती. अक्षर नंतर आलं. उशिरा आलेल्या त्या अक्षरानं एकही चेहरा पुसला नाही. ज्यांचे चेहरे कुठल्याच पुस्तकात नव्हते, त्यांना त्यानं पुस्तकात आणून बसवलं.