खुर्शीदची सरस्वती

आमच्या मनोरीहून मुंबईत जायचं तर आधी बोटीने खाडी ओलांडून मार्वे आणि मग तिथून मालाड. मालाड पश्चिमेला 'बॉम्बे टॉकीज कंपाउंड' हा पत्ता अजून चालतो. आत सगळे छोटे गाळे आणि कारखाने. १९३४ साली हिमांशू रॉय आणि देविका राणींनी सुरू केलेली बॉम्बे टॉकीज ती हीच, हे आत शिरून कुणाला खरंही वाटणार नाही.

त्या काळी सिनेमात बाई म्हटलं की लोक नाकं मुरडायचे. दुर्गा खोटेंच्या पहिल्या चित्रपटाची, १९३१ च्या 'फरेबी जाल'ची जाहिरातच मुळी 'सॉलिसिटर लाडांची मुलगी' अशी झाली होती, आणि मग घराण्याची अब्रू गेली म्हणून बोंबाबोंब! रॉयना ही प्रतिमाच पुसायची होती. शिकलेली, 'चांगल्या घरची' माणसं, महिन्याच्या महिन्याला पगार... थोडक्यात काय, ब्रँडिंग!

तर अशाच एका चांगल्या घरची खुर्शीद मिनोचर होमजी. पारशी, पंडित भातखंड्यांकडे शिकलेली. बहीण माणेकबरोबर मुंबई रेडिओवर गायची. रेडिओचं एक बरं असतं, चेहरा दिसत नाही. पण १९३५ साली दोघी बहिणी 'जवानी की हवा'मध्ये आल्या, खुर्शीद संगीतकार आणि माणेक अभिनेत्री म्हणून, आणि पारशी समाजात गहजब उडाला. आपल्या मुली सिनेमात? गंमत म्हणजे कंपनीच्या संचालक मंडळावर सर फिरोज सेठनांसारखे बडे पारशी होतेच की! पैसा घातलेला चालतो, मुलगी नाही चालत.

तोडगा काय निघाला? नावं बदलली. खुर्शीद झाली सरस्वती देवी, माणेक झाली चंद्रप्रभा. आपण लॉगिन आयडी बदलतो तसं. फरक एवढाच, की हा आयडी जन्मभर चिकटला. आजही कित्येकांना सरस्वती देवी म्हणजे कुणी बंगाली बाई वाटतात.

अशोककुमारही मूळचे कुमुदलाल गांगुली, लॅबमधले सहायक. पण त्यांच्या नव्या नावाला चेहरा मिळाला, बाईंचा चेहरा पडद्याआडच राहिला. 'अछूत कन्या'साठी (१९३६) या अशोककुमारांना आणि देविका राणींना गाऊन घेणं त्यांचंच काम. दोघंही काही गवई नव्हेत! म्हणून चाली मुद्दाम सोप्या ठेवलेल्या. मला तर ही कारागिरी अवघड रागदारीपेक्षा मोठी वाटते.

'पडोसन'मधलं (१९६८) 'एक चतुर नार' सगळ्यांना पाठ असतं. ते मूळचं १९४१ च्या 'झूला'तलं, अशोककुमारांनी गायलेलं. तिथे संगीत सरस्वती देवींचं. धाकट्या भावाला, किशोरकुमारला, ते लक्षात राहिलं होतं. 'पडोसन'वर संगीतकार म्हणून नाव आर. डी. बर्मन यांचं. खुर्शीदबाई तेव्हा हयात होत्या. त्या गेल्या १९८० साली.