मागें राहिलेला

परवां आमच्या एका स्नेह्यांकडे जाण्याचा प्रसंग आला. त्यांच्या घरीं दोन कुत्रे होते. त्यांपैकीं एक चार दिवसांपूर्वीं वारला. दुसरा फाटकाकडे तोंड करून बसला होता, आणि त्याचें अन्न ताटलींत तसेंच पडलें होतें. “गेलेल्याला बागेंत पुरलें, मुलांनीं फुलें वाहिलीं; पण या राहिलेल्याचें काय करावें?” असें स्नेह्यांनीं विचारलें. मी इतिहासाचा अध्यापक, पशुवैद्य नव्हे. तथापि घरीं परततांना इतिहासांतलीच एक जोडी मला आठवली.

ती जोडी अमेरिकेंतील सॅन फ्रॅन्सिस्को शहरची. सोन्याच्या शोधापायीं १८४८ नंतर हें शहर एकाएकीं फुगलें, आणि माणसांबरोबर उंदीर व बेवारशी कुत्रेही वाढले. कुत्र्यांस पकडून मारण्याचा तेथें रिवाज होता. बमर नांवाचा एक कुत्रा मात्र उंदीर मारण्यांत वाकबगार असल्यामुळें वांचला. बमर म्हणजे फुकट खाणारा. आणि मॉन्टगोमेरी रस्त्यावरील मद्यगृहांतून मिळणाऱ्या तुकड्यांवर त्याचा चरितार्थ चाले. १८६१ सालीं एका दांडग्या कुत्र्यानें दुसऱ्या एका कुत्र्यास फाडून टाकण्याचा प्रसंग आणला असतां बमर मध्यें पडला. जखमी कुत्रा जगेल अशी आशा नव्हती. पण बमरनें त्याला अन्न आणून दिलें, रात्रीं त्याला बिलगून ऊब दिली, आणि तो कांहीं दिवसांत उठून चालूं लागला. मरणांतून उठलेल्या बायबलांतील पुरुषावरून लोकांनीं त्याचें नांव लॅझरस ठेविलें.

ही मैत्री अगदीं निर्दोष होती असें समजूं नये. पुढें बमरच्या पायास गोळी लागली, तेव्हां लॅझरस त्याला सोडून दुसऱ्याच कुत्र्याबरोबर हिंडूं लागला, आणि कांहीं काळानें परतला. तरीही शहराचें त्यांच्यावर प्रेम जडलें. १८६२ सालीं लॅझरसला कुत्रे पकडणाऱ्यानें नेलें, तेव्हां लोकांनीं एवढा गिल्ला केला कीं नगरमंडळास त्याची सुटका करून दोघांनाही कायद्यांतून सूट द्यावी लागली.

१८६३ च्या ऑक्टोबरांत लॅझरस मेला. वर्तमानपत्रांनीं लांबलचक मृत्युलेख छापले. एडवर्ड जंप या व्यंगचित्रकारानें त्याच्या अंत्ययात्रेचें भव्य चित्र काढलें, आणि तें पाहून अशी यात्रा खरोखरच निघाली असें पुढें पुष्कळांनीं मानलें. वस्तुतः लॅझरसचें शव भुसा भरून ठेवण्यांत आलें होतें. मृताचा असा गौरव झाला. पण एकट्या बमरविषयींच्या बातम्या विरळ झाल्या. जोडी मोडल्यावर गोष्टीचा रंगच गेला होता. १८६५ च्या नोव्हेंबरांत एका मद्यप्याच्या लाथेनें बमर मेला, तेव्हां त्याचें नांव पुन्हां छापून आलें; मार्क ट्वेननेंही त्याच्यावर लिहिलें. समाजाला मरण दिसतें. मरणानंतर मागें राहिलेल्याचे दिवस दिसत नाहींत, हेंच या हकीकतीचें सार.

ते दिवस कसे असतात याचा शोध अलीकडे शास्त्रज्ञांनीं घेतला आहे. इटलींत ४२६ कुत्रेवाल्यांना प्रश्न विचारून केलेलें एक संशोधन २०२२ सालीं प्रसिद्ध झालें. शेंकडा ८६ जणांनीं सांगितलें कीं सोबती गेल्यावर राहिलेल्या कुत्र्याचें वर्तन पालटलें. कोणी माणसाच्या अधिक मागें मागें करूं लागला, कोणाचें खेळणें कमी झालें, कोणाचें खाणें. आणि कित्येकांच्या बाबतींत हा फरक महिनेच्या महिने टिकला. दोघे किती वर्षें एकत्र राहिले यापेक्षां त्यांचें सख्य कसें होतें याला अधिक महत्त्व दिसलें. तसेंच धन्याचें दुःख जितकें तीव्र, तितका कुत्र्यांत फरक अधिक. ही सारी साक्ष मालकांची आहे, कुत्र्यांची नव्हे. शोकाकुल साक्षीदाराला सर्वत्र शोकच दिसतो, हें इतिहासाच्या विद्यार्थ्यानें विसरूं नये. तरीही ती फेंकून देण्याजोगी नाहीं.

दुसऱ्या दिवशीं मी स्नेह्यांना पत्र लिहिलें तें असें: “त्याच्या जेवणाच्या व फिरण्याच्या वेळा होत्या तशाच ठेवा, सोबती गेला, निदान दिवसाचा क्रम तरी त्याच्याजवळ राहूं द्या. तो जवळ येईल तेव्हां त्याला बसूं द्या, पण त्याच्या गळ्यांत पडून रडूं नका. अन्नाला तोंड लावीतच नसेल तर तें दुःखच आहे असें गृहीत न धरतां पशुवैद्यास दाखवा; आजारही तसाच दिसतो. रिकामी जागा भरण्यासाठीं घाईनें दुसरा कुत्रा आणूं नका. तो आपल्या समाधानासाठीं होईल, त्याच्या नव्हे. मुलांना बागेंत फुलें वाहूं द्या, त्यांत वाईट कांहीं नाहीं. मात्र तेथून उठल्यावर त्यांनीं याला फिरावयास न्यावें.”