नाव आधी, आशय मागाहून

शोध आधी लागतो आणि नाव नंतर ठेवले जाते, असे आपण गृहीत धरून चालतो. ‘आयन’ या संज्ञेचा इतिहास मात्र वेगळे सांगतो.

१८३४ साली लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मायकेल फॅरेडे द्रावणांतून वीज सोडून त्यांचे विघटन अभ्यासत होते. द्रावणात बुडवलेल्या पट्ट्यांना तोवर ‘ध्रुव’ म्हणत. फॅरेडेंना हा शब्द खुपत होता. ध्रुव म्हटले की आकर्षण आलेच. पट्ट्या पदार्थाला ओढून घेतात, हे तर त्यांना मान्य नव्हते. शब्दातच सिद्धान्त दडून बसला, तर प्रयोगाला विचारायचे काय? पुस्तकबांधणीची उमेदवारी करून वर आलेल्या फॅरेडेंना ग्रीक येत नव्हते. त्यांनी केंब्रिजच्या विल्यम ह्यूएल यांना पत्र लिहिले. (इंग्रजीला ‘सायंटिस्ट’ हा शब्द देणारे ते हेच.) ह्यूएल यांनी ‘अ‍ॅनोड’ आणि ‘कॅथोड’, म्हणजे चढती आणि उतरती वाट, असे शब्द सुचवले, आणि त्या वाटांनी जाणाऱ्यांना ‘आयन’. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ एवढाच : जाणारे. काय जाते, कशामुळे जाते, याविषयी शब्द गप्प आहे. आमच्या मते त्याचे सारे बळ या मौनातच आहे.

कारण पुढे आशय बदलत गेला. प्रवाहामुळेच पदार्थ फुटतो, अशी फॅरेडेंची धारणा होती. मीठ पाण्यात विरघळतानाच आयन सुटे होतात, वीज नसली तरी ते असतातच, असे १८८७ साली स्वान्ते अऱ्हेनिअस यांनी मांडले. या विचाराचे बीज असलेल्या त्यांच्या १८८४ च्या प्रबंधाला उप्सालाच्या परीक्षकांनी हलकी श्रेणी दिली होती. १९०३ साली याच सिद्धान्तासाठी त्यांना नोबेल मिळाले. १८९७ नंतर इलेक्ट्रॉन हाती आला आणि आयन म्हणजे इलेक्ट्रॉन गमावलेला वा मिळवलेला अणू ठरला. १९२० मध्ये मेघनाद साहांनी तापमान व दाबावरून तप्त वायूतील आयनांचे प्रमाण काढणारे समीकरण दिले आणि ताऱ्यांचे वर्णपट वाचता येऊ लागले. ताऱ्यात ना द्रावण, ना पट्ट्या, ना ती वाट. शब्द मात्र तोच.

संस्कृतातील ‘इ’ हा गत्यर्थक धातू आणि ‘आयन’मागचे ग्रीक क्रियापद एकाच मुळाचे, ‘उत्तरायणा’तले ‘अयन’ही जाणेच. पाठ्यपुस्तकातले ‘आयनीभवन’ आपल्या कानाला फारसे परके वाटत नाही, ते कदाचित यामुळेही असेल.