सैनिकी अधिकारी प्रशिक्षण व शिष्यवृत्ती : शालेय पात्रतेतील बदल (नंदुरबार जिल्हा)

सैन्यदलांत अधिकारी होऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांना सहावी ते बारावीच्या काळात शासनाच्या खर्चाने अथवा शिष्यवृत्तीच्या आधारे मिळणारे निवासी शिक्षण आणि त्यासाठीच्या प्रवेशाच्या अटी. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याच्या विभाजनातून निर्माण झालेल्या नंदुरबार जिल्ह्यातील विद्यार्थ्यांना या शिक्षणासाठी मुख्यतः सातारा (१९६१) व चंद्रपूर (२०१९) येथील सैनिकी शाळा, छत्रपती संभाजीनगर येथील सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था (एसपीआय, १९७७) आणि बारावीनंतर खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी (एनडीए) यांकडे पाहावे लागते.

सैनिकी शाळांची प्रवेश परीक्षा २०२१-२२ च्या सत्रापासून राष्ट्रीय परीक्षा संस्था (एनटीए) घेते, आणि त्याच सत्रापासून अनुसूचित जाती (१५ टक्के) व जमाती (७.५ टक्के) यांच्या आरक्षणाला इतर मागासवर्गीयांच्या २७ टक्क्यांची जोड मिळाली. सहावीच्या परीक्षेत एकूण ४० टक्के गुणांची अट असली, तरी अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांना ती लागू नसून त्यांची निवड आपापल्या प्रवर्गातील गुणवत्तेने होते. २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे ६९ टक्के लोकसंख्या अनुसूचित जमातींची असलेल्या या जिल्ह्यासाठी ही सवलत मोलाची आहे. तथापि सहावीची प्रश्नपत्रिका मराठीसह अनेक भाषांत उपलब्ध असताना नववीची केवळ इंग्रजीत असते. त्यामुळे अक्राणी किंवा अक्कलकुवा तालुक्यात घरी भिली अथवा पावरी बोलणाऱ्या आणि शाळेत मराठी शिकलेल्या मुलाची सहावीची संधी हुकली, तर नववीचा प्रवेश त्याच्यासाठी कागदोपत्री खुला, पण व्यवहारात फार अवघड ठरतो.

एसपीआय ही महाराष्ट्र शासनाची संस्था असून, दहावीनंतर निवडलेल्या मुलांना अकरावी-बारावीची दोन वर्षे वसतिगृहात ठेवून एनडीएच्या परीक्षेसाठी तयार करणे हे तिचे काम आहे. तिच्या लेखी परीक्षेत गणिताचे ७५ व सामान्य क्षमतेचे ७५ असे १५० प्रश्न, ६०० गुण आणि चुकीच्या उत्तराला एक गुण वजा अशी रचना रूढ असून त्यानंतर मुलाखत होते. शारीरिक मोजमापांत उंची किमान १५७ सेंमी, वजन ४३ किलो आणि छाती न फुगवता ७४ व फुगवून ७९ सेंमी अशी अपेक्षा असते. १५७ सेंमी हीच एनडीएचीही सर्वसाधारण किमान उंची (हवाई दलाच्या उड्डाण शाखेस १६२.५) असून गोरखा, ईशान्येकडील डोंगराळ भाग, गढवाल व कुमाऊँ येथील उमेदवारांना तीत ५ सेंमीची सूट आहे. सातपुड्यातील भिल्ल, पावरा वा मावची उमेदवारांना तशी सूट नाही, आणि सैन्यदलांच्या अधिकारी भरतीत जातिनिहाय आरक्षणही नाही.

शैक्षणिक अटींत एनडीएच्या भूदल शाखेसाठी बारावीची कोणतीही शाखा चालते; नौदल व हवाई दलासाठी पूर्वी भौतिकशास्त्र व गणित पुरेसे असे, आता रसायनशास्त्रही लागते. मात्र ९०० गुणांच्या लेखी परीक्षेत ३०० गुण गणिताचे आणि २०० इंग्रजीचे असल्यामुळे कला शाखेला मिळालेली मुभा नावापुरतीच उरते, आणि कनिष्ठ महाविद्यालयांतील विज्ञान व गणिताच्या अध्यापनाचा दर्जा हीच नंदुरबारच्या विद्यार्थ्यांची खरी पात्रता-अट होऊन बसते.

मुलींचा प्रवेश हा सर्वांत मोठा बदल होय. सैनिकी शाळा २०२१-२२ पासून मुलींना सर्वत्र खुल्या झाल्या. सर्वोच्च न्यायालयाच्या १८ ऑगस्ट २०२१ च्या अंतरिम आदेशानंतर एनडीएची परीक्षाही खुली झाली, तिथे २०२२ मध्ये महिला छात्रांची पहिली तुकडी दाखल झाली आणि मे २०२५ मध्ये त्यांतील १७ जणींनी दीक्षान्त संचलन केले. मुलींसाठी एसपीआयसारखी संस्था नाशिक येथे २०२३ मध्ये सुरू झाली.

सैनिकी शाळा व एसपीआय यांखेरीज शालेय वयातील आणखी एक पर्याय असलेल्या डेहराडूनच्या राष्ट्रीय इंडियन मिलिटरी कॉलेजची (१९२२) महाराष्ट्रातील प्रवेश परीक्षा महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते.

एनडीएत प्रशिक्षण, निवास व भोजन यांचा खर्च शासन करते. पालकांना हातखर्च व काही किरकोळ रकमा भराव्या लागतात. पालकांचे मासिक उत्पन्न २१,०६० रुपयांपेक्षा कमी असल्यास छात्राला दरमहा १,००० रुपयांपर्यंत हातखर्च शासनाकडून मिळू शकतो. त्यासाठी अंतिम निवड होताच पालकाने जिल्हादंडाधिकाऱ्यांमार्फत अर्ज करावयाचा असून, ते आपल्या शिफारशीसह तो प्रबोधिनीच्या कमांडंटकडे पाठवतात.